लॅटिन ‘एत्’, आपला ‘च’ आणि मधल्या मधे हरवलेला ‘क्वे’

प्रश्न असा आला आहे: लॅटिनमध्ये ‘आणि’साठी ‘एत्’ हा शब्द होता, फ्रेंचमध्ये आजही तोच लिहितात, स्पॅनिशमध्ये मात्र नुसता ‘ई’ उरला आहे. & हे चिन्हही त्यातूनच निघालं म्हणतात. मग संस्कृतातला ‘च’ त्याच घराण्यातला का? आणि इंग्रजी ‘अँड’ आपल्या ‘आणि’वरून आला असं सगळीकडे फिरतंय, ते खरं का?

शेवटचं आधी निकालात काढते: नाही, खरं नाही. कारण पुढे येईलच. ‘च’बद्दलचं उत्तर जास्त मजेशीर आहे. ‘च’ला लॅटिनमध्ये सख्खा भाऊ आहे, पण तो ‘एत्’ नव्हे. त्या भावाचं नाव ‘क्वे’, आणि तो बोलीतून इतका पुसला गेला की बहुतेकांना तो होता हेच माहीत नसतं. मी आधी संस्कृत शिकले, मग लॅटिन, आणि गेली २२ वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवते आहे. या तिन्हींत मला सगळ्यात जास्त छळलं ते या एकाक्षरी, दोनाक्षरी शब्दांनी. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

‘क्वे’ आणि ‘च’ एकच, हे ऐकून विश्वास बसत नाही. उच्चारांत काही साम्य नाही. पण भाषांच्या नात्यात नुसतं कानाला सारखं लागणं फार उपयोगाचं नसतं. फरक नियमाने पडतो का, हे पाहायचं असतं. पाच हा आकडा घ्या. संस्कृतात ‘पञ्च’, लॅटिनमध्ये ‘क्वीन्क्वे’, ग्रीकमध्ये ‘पेन्ते’. आता फक्त शेवटचा तुकडा बघा: च, क्वे, ते. आणि या तीन भाषांत शब्दाच्या मागे चिकटणारा ‘आणि’ काय आहे? संस्कृतात ‘च’, लॅटिनमध्ये ‘क्वे’, ग्रीकमध्ये ‘ते’. आकड्यात जो फरक, तोच ‘आणि’मध्ये. मूळ ध्वनी ‘क्व’सारखा होता. संस्कृतात तो पुढच्या ‘ए’मुळे टाळूकडे सरकून ‘च’ झाला, ग्रीकांनी त्याचा ‘त’ केला, लॅटिनने तो जवळपास होता तसा ठेवला.

संस्कृतात तर तो ‘ए’ही उरला नाही, त्याचा ‘अ’ झाला. म्हणजे ‘च’ हा गुन्हेगार पळून गेल्यावर मागे राहिलेला पुरावा आहे. इथे कधीकाळी ‘ए’ होता, म्हणून तर ‘क’चा ‘च’ झाला. १८७० च्या दशकात युरोपातल्या भाषाभ्यासकांच्या हे ध्यानात आलं आणि संस्कृतचे स्वर हेच सगळ्यांत जुने, ही तोवरची समजूत मोडली. तालव्यीकरणाचा नियम म्हणतात तो हा.

याला पुढे एक सुरेख पुष्टी मिळाली. ग्रीक ‘ते’ पूर्वी ‘क्वे’ असला पाहिजे, हे अभ्यासकांनी फक्त हिशेबाने मांडलं होतं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुरचनाकाराने क्रीट आणि पिलोस इथल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी उलगडली. ती होमरच्याही कित्येक शतकं आधीची ग्रीक भाषा निघाली, आणि त्या पाट्यांवर शब्दांच्या शेवटी ‘आणि’ या अर्थाने जे अक्षर लागलं होतं ते ‘क्वे’ असंच वाचलं गेलं. मेंढ्या आणि धान्य यांचे कोठारातले हिशेब ते. त्यातून असा साक्षीदार उभा राहावा याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता ‘क्वे’ वाक्यात बसायचा कसा? अगदी ‘च’सारखा. ‘रामो लक्ष्मणश्च’ म्हणताना ‘च’ दोघांच्या मधे येत नाही, दुसऱ्याच्या मागे येतो. लॅटिनमध्येही तसंच. रोममध्ये गटारांच्या झाकणांवरसुद्धा ‘एस पी क्यू आर’ ही अक्षरं असतात. ‘सेनातुस पोपुलुसक्वे रोमानुस’, म्हणजे ‘रोमची सिनेट आणि रोमची जनता’. चार अक्षरं म्हणजे चार शब्द असं वाटतं, पण शब्द तीनच आहेत. ‘क्यू’ म्हणजे ‘पोपुलुस’च्या शेपटीला लावलेला ‘क्वे’. एखाद्या संस्थेच्या आद्याक्षरांत आपण ‘च’ला स्वतंत्र अक्षर द्यावं, तसा हा प्रकार.

अशा, स्वतःचा आघात (उच्चारातला जोर) नसलेल्या आणि आधीच्या शब्दाला लगटून येणाऱ्या शब्दांची जागा जुन्या भाषांत ठरलेली असते, हे १८९२ मध्ये याकोब वाकरनागल याने दाखवलं. हा स्विस पंडित संस्कृतच्या मोठ्या व्याकरणाचाही कर्ता. असं मागे चिकटणं मराठी माणसाला समजवावं लागत नाही. ‘मीच’, ‘तूही’, ‘घरीसुद्धा’ या सगळ्यांत आपण हेच करतो.

आपल्या वैयाकरणांनी ‘च’चा जो काथ्याकूट केला आहे तो लॅटिन शिकताना मला फार उपयोगी पडला. पाणिनीचं सूत्र आहे ‘चार्थे द्वन्द्वः’ (२.२.२९): ‘च’च्या अर्थाने शब्द जोडले की द्वंद्व समास होतो. मग टीकाकार विचारतात, ‘च’चे अर्थ किती? चार. समुच्चय: ‘ईश्वरं गुरुं च भजस्व’, दोन सुट्या गोष्टी एका क्रियेला जोडल्या. अन्वाचय: ‘भिक्षामट गां चानय’, म्हणजे भिक्षेला जा, आणि जाता जाता गायही घेऊन ये, मुख्य काम भिक्षेचं, गाय जमली तर. इतरेतर: दोघे मिळून, पण दोघेही वेगळे दिसताहेत. समाहार: ‘पाणिपादम्’, हात आणि पाय यांचा एकच गठ्ठा, आणि तोही एकवचनात. यांपैकी शेवटच्या दोन अर्थांतच समास होतो. शाळेत ‘इतरेतर द्वंद्व’, ‘समाहार द्वंद्व’ पाठ करताना हे कशासाठी चाललंय ते कळत नाही. पुढे कळतं की कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी ‘आणि’ या एका शब्दाच्या पोटात शिरून पाहिलं होतं.

लॅटिनमध्ये ही कामं एकट्या ‘क्वे’वर नव्हती. तिथे तीन ‘आणि’ होते. ‘एत्’ हा साधा, दोन सुट्या गोष्टी शेजारी ठेवणारा. ‘क्वे’ हा मुळातच जोडीने येणाऱ्या गोष्टींचा. आणि ‘अत्क्वे’ (त्याचंच आखूड रूप ‘अक्’) हा वजन टाकणारा, ‘आणि वर’, ‘आणि मुख्य म्हणजे’ अशा सुराचा. तो ‘अद्’ आणि ‘क्वे’ मिळून झालेला. व्याकरणाच्या पुस्तकांत हे फरक फार कडक करून सांगतात. प्रत्यक्षात रोमन लेखक कानाला काय बरं वाटतं तेही बघायचे, आणि कवी तर छंदात बसेल ते घ्यायचे. आपल्याकडे वेगळं काय आहे? अमरकोशाने ‘तु हि च स्म ह वै’ हे शब्द सरळ ‘पादपूरणे’ म्हणून, म्हणजे ओळ भरायला, नोंदवून ठेवले आहेत.

तरी ‘क्वे’चा खास स्वभाव भाषांतर करताना जाणवतो. ‘तेर्रा मारीक्वे’ असा लॅटिन वाक्प्रचार आहे, शब्दशः ‘जमिनीवर आणि समुद्रावर’. मी सुरुवातीला इमानदारीने ‘जमिनीवर आणि समुद्रावर’ असंच लिहायचे. वाक्य व्याकरणाने बरोबर आणि ऐकायला मेलेलं. मग एकदा ‘जळी-स्थळी’ सुचलं आणि ‘क्वे’ म्हणजे काय ते नीट कळलं. मराठीत ‘क्वे’ला शब्द शोधायचाच नसतो. तो आपल्या जोडशब्दांतल्या आडव्या रेषेत असतो: आई-बाप, भाजी-भाकरी, दिवस-रात्र.

या एकाक्षरी शेपटीचा इतिहासातला सगळ्यांत मोठा पराक्रम म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेतला वाद. ३८१ च्या परिषदेतल्या श्रद्धाघोषणेत पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो, एवढंच होतं. पश्चिमेकडच्या लॅटिन चर्चमध्ये त्यात ‘फीलिओक्वे’ हा शब्द घातला गेला. स्पेनमधल्या ५८९ च्या तोलेदो परिषदेशी त्याची सुरुवात जोडली जाते. अर्थ, ‘आणि पुत्रापासून’. संस्कृतात करून बघा: ‘पितुः पुत्राच्च’. तीच पंचमी, तोच शेवटचा निपात (रूप न बदलणारा छोटा शब्द). पूर्वेकडच्या ग्रीक चर्चला ही भर मान्य नव्हती. पोप तिसरे लिओ यांना त्यामागची शिकवण मान्य होती, पण मूळ पाठात भर नको होती. म्हणून त्यांनी तो शब्द वगळून मूळ घोषणा चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावली होती. पुढे १०१४ मध्ये खुद्द रोममध्ये ‘फीलिओक्वे’सकट ती म्हटली गेली, आणि १०५४ च्या मोठ्या फुटीच्या कारणांत हा शब्द कायमचा जाऊन बसला. कारणं राजकीयही पुष्कळ होती, एका ‘च’ने चर्च फुटलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण आजही त्या वादाचं नाव ‘फीलिओक्वे’ हेच आहे.

आता ‘एत्’कडे येऊ. त्याचं संस्कृतातलं भावंड ‘च’ नव्हे तर ‘अति’. अतिशय, अत्यंत, अतिरेक यांतला ‘अति’: पलीकडे, पुढे, आणखी. ग्रीकमध्ये ‘एति’ म्हणजे ‘अजून, आणखी’. लॅटिनचा ‘एत्’ही आधी ‘आणखी’ असाच असणार आणि मग ‘आणि’ झाला. आपण यादी सांगताना ‘तांदूळ, डाळ, आणखी गूळ’ म्हणतो तिथे हा प्रवास डोळ्यांसमोर घडतो.

जुना अर्थ ‘एत्’मध्ये शेवटपर्यंत मुरलेला राहिला. ‘एत् तू, ब्रूते?’ या प्रसिद्ध उद्गाराचं कुणीच ‘आणि तू, ब्रूटस?’ असं भाषांतर करत नाही, ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ असंच म्हणतात, आणि तेच बरोबर. (हा उद्गार शेक्सपिअरच्या नाटकामुळे सर्वतोमुखी झाला. सीझरच्या तोंडी ग्रीक शब्द घालणारी अफवा रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवली आहे, पण तो स्वतः तिची ग्वाही देत नाही.)

मग ‘क्वे’ गेला कुठे? लॅटिनपासून निघालेल्या एकाही भाषेत ‘आणि’ म्हणून तो शिल्लक नाही. मला दिसणारं कारण साधं आहे. स्वतःचा आघात नाही, जागा शब्दाच्या शेवटी, आणि बोलीभाषेत लॅटिनच्या शेवटांचीच सगळ्यांत जास्त झीज झाली. त्यात ‘क्वोद्’, ‘क्वीद्’, ‘क्विआ’ अशी सगळी मंडळी बोलता बोलता ‘के’, ‘कं’ अशा एकाच आवाजावर येऊन ठेपली. फ्रेंच ‘कं’, स्पॅनिश ‘के’, इटालियन ‘के’ म्हणजे ‘की, जे’, हे त्यांचे वारस. विद्यार्थी हमखास विचारतात की हाच तो ‘क्वे’ का. तो नव्हे. फार मागे गेलं तर मुळं जवळ येतात, पण घर वेगळं.

आपल्या ‘च’चंही तेच झालं, हे लक्षात घ्या. प्राकृतात ‘च’ झिजून ‘य’ आणि नुसता ‘अ’ झाला. एका ‘अ’ने किती ओझं वाहायचं? मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, सगळ्यांनी ‘आणि’साठी नवे शब्द उभे केले. दोन भाऊ, मधे हजारो मैल, आणि एकच आजार.

हाडं मात्र सापडतात. लॅटिन ‘नेक्वे’, म्हणजे ‘आणि नाही’. संस्कृतात ‘न च’, शब्दाला शब्द. ‘नेक्वे’चं ‘नेक्’ झालं, त्याचं स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये ‘नि’, इटालियनमध्ये ‘ने’, पोर्तुगीजमध्ये ‘नेंय्’. मराठी विद्यार्थ्याची इथे पंचाईत होते, कारण आपल्याकडे ‘राम नि सीता’ म्हणजे दोघेही, आणि स्पॅनिश ‘नि’ म्हणजे दोघांपैकी कुणीच नाही. फ्रेंच ‘झ्यूस्क’ (‘पर्यंत’) यातही लॅटिन ‘उस्क्वे’ दडला आहे. ‘सर्वत्र’ अर्थाचा ‘उबीक्वे’ इंग्रजी ‘युबिक्विटस’मध्ये बसला आहे.

‘एत्’च्या लेकरांपैकी फ्रेंचचं जरा विस्ताराने सांगते, कारण रोजची माझी लढाई तीच. लिहायचं ‘एत्’, म्हणायचं ‘ए’. फ्रेंचमध्ये एरवी पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की मागचं मुकं व्यंजन जागं होतं, आणि मुलं हा नियम शिकली की लगेच ‘एत्’च्या ‘त्’वरही लावतात. ‘ए एल्’ (आणि ती) ऐवजी ‘एतेल्’. या शब्दाचा ‘त्’ कधीही जागा होत नाही, कुठल्याही स्वरापुढे नाही. तो शोभेचा आहे; लॅटिन लिहिणाऱ्या लेखनिकांच्या सवयीने कागदावर टिकला, तोंडातून कधीच गेला होता. याचा एक फायदा आहे. ‘आहे’ या अर्थाचा ‘ए’ जवळपास असाच ऐकू येतो, पण त्याचा ‘त्’ स्वरापुढे जागा होऊ शकतो. ‘त्’ ऐकू आला की ‘आहे’, असं मी वर्गात सांगते आणि निम्म्या चुका जातात.

स्पॅनिशमध्ये तो ‘ई’ झाला, पण पुढचा शब्दच ‘इ’ने सुरू होत असेल तर पुन्हा ‘ए’ होतो: ‘फर्नांदो ए इसाबेल’. इटालियनमध्ये ‘ए’, स्वराआधी कधी ‘एद्’; तिथे जुन्या ‘त्’ची सावली आहे. स्पॅनिश आडनावांतला ‘ई’ धोकेबाज. सांतियागो रामोन ई काहाल या शास्त्रज्ञाला १९०६ चं नोबेल गोल्जींबरोबर विभागून मिळालं. तपासायला आलेल्या एका भाषांतरात मी ‘रामोन, काहाल आणि गोल्जी या तिघा शास्त्रज्ञांना’ असं वाचलं आहे. माणसं दोनच, रामोन वडिलांकडचं आडनाव, काहाल आईकडचं, मधला ‘ई’ म्हणजे आपला ‘एत्’.

पोर्तुगीजमध्ये लिहायचं ‘ए’, उच्चार ‘इ’. गोव्यातल्या जुन्या कागदांत ‘गोवा, दमाव इ दीव’ असं येतं त्यातला ‘इ’ हाच. १९८७ पर्यंतच्या केंद्रशासित प्रदेशाच्या ‘गोवा, दमण आणि दीव’ या नावात तिथेच आपला ‘आणि’ येऊन बसला.

रुमानियनने मात्र ‘एत्’ टाकून दिला आणि ‘शि’ घेतला. तो आला लॅटिन ‘सीक्’वरून; अर्थ ‘असं, या प्रकारे’. गंमत म्हणजे हाच ‘सीक्’ इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘सी’ होऊन ‘हो’ म्हणायला लागला. ‘असंच’ म्हणत एकीकडे होकार, दुसरीकडे जोडणी. हे विचित्र वाटत असेल तर बंगालीकडे बघा. तिथला ‘एबं’ म्हणजे ‘आणि’, आणि तो आहे संस्कृत ‘एवम्’, म्हणजे ‘असं’. बुखारेस्ट आणि कोलकाता यांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती केली.

& या चिन्हाबद्दल थोडक्यात. ते ‘एत्’ची दोन रोमन अक्षरं एकात एक गुंतवून झालं आहे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवरही अशी जोडणी सापडली आहे. काही छापील टंकांत अजून ई आणि टी वेगळे ओळखू येतात. इंग्रजी शाळांत पूर्वी मुळाक्षरांच्या शेवटी हे २७ वं म्हणून घोकत, ‘अँड, पर से अँड’. ‘पर से’ म्हणजे ‘स्वतःच’. घोकता घोकता त्याचं ‘अँपरसँड’ झालं. म्हणजे चिन्हाच्या आकारात लॅटिन ‘आणि’ आणि नावात इंग्रजी ‘आणि’ दोनदा.

याचा एक कमी परिचित चुलतभाऊ आहे. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक तीरो आधी त्याचा गुलाम होता, पुढे मुक्त झाला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लघुलिपीत ‘एत्’साठी इंग्रजी सातच्या आकड्यासारखी खूण होती. ती मध्ययुगीन मठांतून आयर्लंडला पोचली आणि तिथल्या पाट्यांवर आणि जुन्या टपालपेट्यांवर आजही दिसते. वाचतात मात्र आयरिश ‘आगस’. आपल्या कोर्टाच्या कागदांतला ‘व्हिझ’ (म्हणजे ‘ते असे’) याच्या शेवटी झेड नाहीच. मूळ शब्द ‘विदेलिकेत्’. त्याच्या शेवटचा ‘एत्’ दाखवायला लेखनिक एक वळणदार खूण करत, छापणाऱ्यांनी ती झेड समजून बसवली. वकील मंडळींना सांगितलं की ती आधी हसतात, मग कागद पुन्हा बघतात.

‘किंवा’चं घराणं तर आणखी स्पष्ट आहे, म्हणून तीनच वाक्यं. ‘क्वे’ला जसा ‘च’, तसा लॅटिन ‘वे’ला संस्कृत ‘वा’, तोही मागे चिकटणारा. आपल्या ‘किंवा’त, ‘अथवा’त तो आहे. लॅटिनचा दुसरा ‘किंवा’, ‘वेल्’, हा ‘इच्छिणे’ या धातूचा, म्हणजे ‘हवं तर हे घे’, आणि तर्कशास्त्रात ‘किंवा’साठी जी खालच्या टोकाची खूण वापरतात ती त्याचंच पहिलं अक्षर.

आता आपला ‘आणि’. संस्कृत ‘अन्य’, प्राकृत ‘अण्ण’, आणि जोडाक्षर गेलं की आधीचा स्वर दीर्घ होतो या नेहमीच्या मराठी नियमाने ‘आण’. गुजराती ‘अने’, कोकणी ‘आनी’ ही त्याचीच भावंडं. म्हणजे आपला ‘आणि’ मुळात ‘दुसरा’ होता. हिंदी ‘और’ही ‘दुसरा’च, पण शब्द वेगळा, ‘अपर’. इंग्रजी ‘अँड’, जर्मन ‘उंड’ आणि डच ‘एन’ हे एका घरातले, आणि इंग्रजांचा ‘अँड’ ते ब्रिटनला पोचले तेव्हाही त्यांच्या तोंडात होता. त्या काळात आपल्याकडे ‘अण्ण’ अजून ‘दुसरा’ याच अर्थाने चालत होता. दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी चालत येऊन एका चौकात भेटले, इतकंच. ‘पञ्च’ आणि ‘क्वीन्क्वे’ सारखे दिसत नाहीत पण एक आहेत. ‘आणि’ आणि ‘अँड’ सारखे दिसतात पण परके आहेत.

‘राम व श्याम’ यातला ‘व’ अरबी आहे, फारसीच्या हाताने आपल्याकडे आला. ‘आबोहवा’तला मधला ‘ओ’ही ‘आणि’च: आब आणि हवा. तो अस्सल इराणी ‘ओ’ मात्र प्राचीन पर्शियन ‘उता’चा वारस, इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात दिसणारा, वेदांतला ‘उत’ त्याचा भाऊ. या शब्दाचं वैदिक रूप आपण विसरलो आणि इराणी रूप हवापाण्याबरोबर परत घेतलं.

आणि ‘च’? तो मराठीत आहे की, फक्त जोडायचं काम सोडून दिलं त्याने. ‘तोच’, ‘आत्ताच’, ‘घरीच’ यातला जोर देणारा ‘च’ हा संस्कृत ‘चैव’पासून (‘च’ अधिक ‘एव’) प्राकृतातल्या ‘चेअ’, ‘च्चिअ’, ‘च्च’ अशा रूपांतून आला. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ही रूपं ‘अवधारण’, म्हणजे ‘हेच, दुसरं नाही’, या अर्थाने नोंदवली आहेत. ‘घरचा’, ‘गावचा’ यातला ‘च’ वेगळा, त्याची यात गल्लत करू नका. जो निपात दुसऱ्याला सोबत घ्यायचा, तो आता दुसऱ्याला बाहेर ठेवतो. जागा तेवढी तीच आहे, शब्दाच्या मागे, ‘पोपुलुस’च्या मागे ‘क्वे’ बसायचा तिथे.

‘आणि’चीही झीज चालूच आहे. लिहिताना ‘आणि’, बोलताना ‘अन्’, घाईत ‘नि’, आणि माझी आजी पाहुण्यांना ‘बसा, चहा न् पोहे करते’ म्हणायची तेव्हा नुसता ‘न्’, आधीच्या शब्दाला चिकटलेला.